दोनशे चौदा सामने

प्रस्तावना

चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वर मंदिराच्या तळ्याभोवती ज्या जुन्या वीथी आहेत, तेथे सायंकाळी फिरणाऱ्यास गिरगावातल्या किंवा पुण्याच्या पेठांतल्यासारखेच दृश्य दिसते. जरा मोकळी जागा मिळाली, की मुले खेळ मांडतात. बॅट असते, चेंडू असतो, आरडाओरडा असतो. पायाशी चेंडू घेऊन धावणारी मुलगी मात्र अशा गल्लीत क्वचितच आढळते. आणि तरीही याच तमिळनाडू राज्याच्या महिला संघाने 2017-18 च्या हंगामात मणिपूरसारख्या बलाढ्य संघाला हरवून फुटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि 2023 साली ते पुन्हा जिंकले. त्या विजयांची वार्ता या वीथींतील किती घरांत पोहोचली असेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पराक्रम आणि प्रसिद्धी या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत.

या पाठात तुम्हांला अशाच एका खेळाडूची ओळख होणार आहे. तिच्या देशातील फुटबॉलवेडे लोक तिला ओळखू लागले खरे. पण त्याला बराच काळ लागला. तिने मात्र प्रसिद्धीचा पाठलाग कधी केला नाही. पाठ वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या : लेखात आकडे कोठे आणि कशासाठी आले आहेत, आणि व्यक्तीच्या स्वभावाचे दर्शन तिच्या कोणत्या निर्णयांतून घडते. चरित्रपर लेख वाचताना या दोन सवयी फार उपयोगी पडतात.

मूलपाठ

बंदीची पंधरा वर्षे

बिर्गिट प्रिन्त्स हिचा जन्म 25 ऑक्टोबर 1977 रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात झाला. जर्मन भाषेत 'प्रिन्त्स' या शब्दाचा अर्थ राजपुत्र असा आहे. आडनाव राजपुत्राचे असले, तरी ज्या खेळात ती पुढे नावारूपाला आली, त्या खेळाचे दरवाजे तिच्या जन्माच्या अवघ्या सात वर्षे आधीपर्यंत जर्मन स्त्रियांना बंद होते.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. पश्चिम जर्मनीच्या पुरुष संघाने 1954 साली विश्वचषक जिंकला आणि युद्धाने खचलेल्या त्या देशात फुटबॉलला जवळजवळ राष्ट्रधर्माचे स्थान प्राप्त झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1955 साली, जर्मन फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांना स्त्रियांचे संघ बाळगण्यास आणि त्यांना मैदाने देण्यास मनाई केली. हा खेळ स्त्रीच्या शरीराला आणि शालीनतेला शोभत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्रिया तरीही खेळत राहिल्या; मिळेल त्या मैदानावर, संघटनेच्या मान्यतेवाचून. ही बंदी उठली 1970 साली. ती उठवतानाही खेळ 'सौम्य' ठेवण्याची दक्षता घेण्यात आली : सामना नव्वद मिनिटांऐवजी सत्तर मिनिटांचा, बुटांना खालून खिळे नाहीत आणि चेंडू आकाराने लहान. इंग्लंडमध्येही 1921 पासून सुमारे पन्नास वर्षे अशीच बंदी होती, तेव्हा दोष एकट्या जर्मनीला देता येणार नाही.

जर्मन महिलांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना 1982 साली स्वित्झर्लंडविरुद्ध झाला. येथे भारतीय वाचकाने क्षणभर थांबावे. आपल्याकडे स्त्रियांच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र महासंघ 1975 सालीच स्थापन झाला होता. 1980 साली केरळातील कोळिकोड येथे भरलेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या होत्या, आणि 1983 साली शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. म्हणजे जर्मन संघ पहिला सामना खेळण्यापूर्वीच भारतीय संघ आशिया खंडाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता! पुढे दोघांच्या वाटा का वेगळ्या झाल्या, याचे उत्तर गुणवत्तेत शोधण्यापेक्षा व्यवस्थेत शोधणे अधिक योग्य ठरेल. जर्मनीत गावोगावच्या क्लबांनी मुलींना सामावून घेतले आणि 1990 साली महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली. भारतात अशी साखळी स्पर्धा सुरू होण्यास 2016-17 चा हंगाम उजाडावा लागला.

जर्मन महिलांनी 1989 साली आपल्याच देशात युरोपचे अजिंक्यपद प्रथम जिंकले, तेव्हा संघटनेने प्रत्येक खेळाडूला बक्षीस म्हणून कॉफीच्या कपबशांचा संच दिला. विजेत्या संघाला घरसंसाराची आठवण करून देणारी ही भेट पुढे जर्मनीत थट्टेचा विषय झाली. त्या वेळी बिर्गिट अकरा वर्षांची होती आणि फ्रँकफुर्टजवळच्या एका छोट्या क्लबात चेंडू लाथाडायला शिकून तिला दोन-तीन वर्षे झाली होती.

अठरा मिनिटांची संधी

जुलै 1994. जर्मनीचा संघ कॅनडाविरुद्ध खेळत होता. सामन्याच्या बहात्तराव्या मिनिटाला हायडी मोर या नावाजलेल्या आघाडीपटूला बाहेर बोलावून प्रशिक्षकांनी तिच्या जागी सोळा वर्षांच्या एका नव्या मुलीला उतरवले. सामना संपायला अठरा मिनिटे उरली होती. एकोणनव्वदाव्या मिनिटाला त्या मुलीने गोल केला आणि जर्मनीने सामना 2-1 असा जिंकला. बिर्गिट प्रिन्त्सच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा हा आरंभ होय.

आघाडीपटू म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ राहून गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेली खेळाडू. हे काम दिसायला वैभवाचे असले, तरी मनाची परीक्षा पाहणारे आहे. नव्वद मिनिटे धावून एकच संधी मिळते, आणि ती हुकली तर सर्वांची बोटे तिच्याकडेच वळतात. प्रिन्त्स उंच होती, बांध्याने मजबूत आणि धावण्यात वेगवान होती. अंगावर आलेल्या बचावपटूला खांद्याने दूर सारून ती चेंडू पुढे नेत असे. तिच्या खेळात नाजूक कलाकुसर फारशी नव्हती. पण गोलाची दिशा तिला उपजतच कळत असावी. मार्च 1995 मध्ये युरोपच्या अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध तिने गोल केला, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. जर्मनीने तो सामना 3-2 असा जिंकला. त्याच वर्षी जून महिन्यात ती विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही खेळली. तो सामना नॉर्वेने जिंकला. पण विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरणारी सर्वांत लहान वयाची महिला खेळाडू म्हणून तिची नोंद झाली.

क्लबांच्या पातळीवर तिने जवळजवळ सारे आयुष्य फ्रँकफुर्टमध्येच काढले. प्रथम एफ. एस. व्ही. फ्रँकफुर्ट आणि 1998 पासून 1. एफ. एफ. सी. फ्रँकफुर्ट. हा दुसरा क्लब केवळ महिला फुटबॉलसाठीच होता. 2020 साली तो आइनट्राख्ट फ्रँकफुर्ट या मोठ्या क्लबात विलीन झाला. मधल्या काळात, 2002 आणि 2003 साली, ती अमेरिकेतील कॅरोलायना करेज या संघाकडूनही खेळली आणि 2002 साली त्या संघाने तेथील व्यावसायिक साखळीचे विजेतेपद मिळवले. पैशाअभावी ती साखळी 2003 च्या सप्टेंबरमध्ये, विश्वचषकाला काही दिवसच उरले असताना, बंद पडली. जगातील उत्तमोत्तम खेळाडू जेथे खेळत होत्या, त्या संस्थेची ही गत झाली. महिला फुटबॉलचा पाया त्या काळात किती भुसभुशीत होता, हे यावरून लक्षात येईल.

एका वर्षात पालटलेले चित्र

2003 चा महिला विश्वचषक चीनमध्ये व्हायचा होता. परंतु सार्स या साथीच्या रोगामुळे तो अमेरिकेत हलवण्यात आला. यजमान अमेरिकेचा संघ गतविजेता होता. उपान्त्य सामन्यात जर्मनीने त्याला 3-0 असे नमवले. शेवटचा गोल प्रिन्त्सचा होता. अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध बरोबरी झाल्याने जादा वेळ द्यावा लागला. त्या काळी जादा वेळेत जो संघ प्रथम गोल करील, तो तत्काळ विजयी ठरे. राखीव खेळाडू म्हणून उतरलेल्या निआ क्युन्त्सरने अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला डोक्याने चेंडू गोलात धाडला आणि सामना संपला. या संघाच्या प्रशिक्षक टीना थॉयने-मायर या विश्वचषक जिंकून देणाऱ्या पहिल्या महिला प्रशिक्षक ठरल्या. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे सात गोल प्रिन्त्सचे होते. सर्वोत्तम खेळाडूचा मानही तिलाच मिळाला.

कपबशांचे दिवस आता मागे पडले. जर्मनीत हा अंतिम सामना दूरदर्शनवर एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. 2003, 2004 आणि 2005 अशी सलग तीन वर्षे जगातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून प्रिन्त्सची निवड झाली. पुढे 2007 ते 2010 या चारही वर्षी ती दुसऱ्या स्थानी राहिली. पहिले स्थान ब्राझीलच्या मार्ताकडे होते.

याच सुमारास एक विलक्षण प्रस्ताव तिच्यासमोर आला. इटलीतील पेरुजा या पुरुषांच्या व्यावसायिक क्लबाच्या अध्यक्षांनी तिला आपल्या संघात येण्याचे निमंत्रण दिले. एका स्त्रीने इटलीच्या सर्वोच्च साखळीत पुरुषांबरोबर खेळावे, ही कल्पना वर्तमानपत्रांना फारच आवडली. अमाप पैसा आणि जगभर प्रसिद्धी, दोन्ही समोर उभी होती. प्रिन्त्सने विचार केला आणि नकार दिला. आपल्याला खरोखर खेळण्यासाठी बोलावले जात आहे की केवळ गाजावाजा करण्यासाठी, ही शंका तिच्या मनात होती. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून शोभेची वस्तू होण्यापेक्षा आपल्या संघात मैदानावर असणे तिला श्रेयस्कर वाटले. तिचे अनेक गोल विसरले जातील, पण हा नकार विसरला जाऊ नये.

पाठगत प्रश्न

1. 1970 साली बंदी उठवताना खेळात कोणते बदल करण्यात आले? त्यांमागे कोणती समजूत असावी?
2. पेरुजाचा प्रस्ताव प्रिन्त्सने का नाकारला? तिच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?

शांघाय आणि त्यानंतर

2007 च्या विश्वचषकात प्रिन्त्स संघाची कर्णधार होती. शांघाय येथे झालेल्या पहिल्याच सामन्यात जर्मनीने अर्जेंटिनावर अकरा गोल चढवले. त्यांतील तीन तिचे होते. या स्पर्धेत जर्मनीने सहा सामन्यांत एकवीस गोल केले आणि एकही गोल स्वीकारला नाही. अंतिम सामना ब्राझीलशी होता. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा राहिला. बावन्नाव्या मिनिटाला प्रिन्त्सने कोंडी फोडली. नंतर ब्राझीलला पेनल्टी मिळाली. ती घेण्यास खुद्द मार्ता पुढे आली, आणि गोलरक्षक नादिने आंगेररने तिचा फटका अडवला. अखेर 2-0 असा विजय मिळवून महिला विश्वचषक लागोपाठ दोनदा जिंकणारा जर्मनी हा पहिला संघ ठरला. प्रिन्त्सचा तो गोल विश्वचषकातील तिचा चौदावा होता. हा उच्चांक 2015 साली मार्ताने मोडेपर्यंत टिकला.

येथे काही आकडे एकत्र पाहणे उपयुक्त ठरेल. देशासाठी 214 सामने आणि 128 गोल. दोन विश्वचषक, युरोपची पाच अजिंक्यपदे आणि सिडनी, अथेन्स व बीजिंग या तीन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदके. जर्मनीत पुरुषांमध्ये सर्वाधिक सामने लोथार माटेउस याचे, दीडशे. सर्वाधिक गोल मिरोस्लाव क्लोसे याचे, एकाहत्तर. पुरुष आणि महिला यांचे सामने एकाच तराजूत तोलता येत नाहीत, हे मान्यच. तरीही ज्या देशात या दोन पुरुषांची नावे शाळकरी मुलालाही पाठ आहेत, तेथे प्रिन्त्सचे आकडे किती जणांना ठाऊक होते, हा प्रश्न उरतोच.

लोकप्रियता वाढत होती, यात शंका नाही. 2002 साली फ्रँकफुर्टच्या संघाने महिलांचा युरोपीय क्लब चषक प्रथम जिंकला, तेव्हा अंतिम सामन्याला सुमारे बारा हजार प्रेक्षक होते आणि तेवढ्याचेही कौतुक झाले. त्याच शहरात 2008 साली झालेल्या तशाच सामन्याला सत्तावीस हजारांहून अधिक लोक आले. जर्मनीतील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा मान 2001 ते 2008 अशी सलग आठ वर्षे प्रिन्त्सकडे राहिला. पुढे तिच्यासारखी दिसणारी बार्बी बाहुलीसुद्धा तयार करण्यात आली! स्वतः प्रिन्त्स मात्र कॅमेऱ्यासमोर अवघडलेलीच असे. मुलाखतीत मोजके बोलणे, खाजगी आयुष्य खाजगी ठेवणे आणि सामना संपला की घरी जाणे, हा तिचा रिवाज होता.

आणखी एक गोष्ट फारशी चर्चिली गेली नाही. खेळत असतानाच तिने अंगमर्दन व व्यायामोपचार यांचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, शिक्षण पूर्ण केले आणि नंतर फ्रँकफुर्टच्या विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास केला. सराव, सामने, परदेश दौरे आणि परीक्षा हे सारे सांभाळत 2010 साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तिने ती पदवी मिळवली. नोकरी वा संसार सांभाळून शिकणाऱ्यांना या वाक्यामागचे कष्ट वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

घरच्या मैदानावर

2011 चा विश्वचषक जर्मनीत भरला. 26 जून रोजी बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमवर यजमानांचा पहिला सामना कॅनडाशी झाला. प्रेक्षकांची संख्या होती 73,680. ज्या देशात कधीकाळी मैदान देण्यासही मनाई होती, तेथे हे दृश्य दिसत होते. रस्तोरस्ती खेळाडूंची छायाचित्रे लागली होती. अबोल कर्णधाराच्या कारकिर्दीची सांगता तिसऱ्या विश्वचषकाने होणार, असे सर्वांनी जणू गृहीत धरले होते.

तसे घडले नाही. प्रिन्त्सचा वेग आता पूर्वीचा राहिला नव्हता आणि अपेक्षांचे ओझे पायांत उतरले होते. पहिल्या सामन्यात छप्पन्नाव्या मिनिटालाच प्रशिक्षक सिल्विया नाइड यांनी तिला बाहेर बोलावले आणि वीस वर्षांच्या आलेक्सांद्रा पोपला मैदानात पाठवले. दुसरा सामना नायजेरियाविरुद्ध होता, तोही प्रिन्त्सच्या फ्रँकफुर्टमध्ये. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात तिला पुन्हा मैदान सोडावे लागले. ज्या शहरात तिने शेकडो गोल केले, त्याच शहरात तिने मान खाली घालून बाकाकडे चालत जाणे चाहत्यांना पाहवले नाही. तिसऱ्या सामन्यात तिला उतरवलेच नाही. तिच्या अनुपस्थितीत जर्मनीने फ्रान्सवर चार गोल केले. प्रशिक्षकांचा निर्णय चुकीचा होता, असे म्हणणे म्हणूनच कठीण आहे.

नंतर आला जपानविरुद्धचा उपान्त्यपूर्व सामना. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेत, एकशे आठव्या मिनिटाला, जपानच्या कारिना मारुयामाने गोल केला. उरलेल्या वेळात जर्मनीला एका गोलाची नितांत गरज होती. देशासाठी 128 गोल करणारी खेळाडू मैदानाबाहेर बाकावर बसून होती. जर्मनी हरला. त्याच वर्षी मार्च महिन्यात भूकंप व त्सुनामीने होरपळलेल्या जपानने पुढे तो विश्वचषक जिंकला.

ऑगस्ट 2011 मध्ये प्रिन्त्सने निवृत्ती जाहीर केली. मार्च 2012 मध्ये फ्रँकफुर्ट येथे तिच्यासाठी निरोपाचा सामना खेळवण्यात आला : एका बाजूला तिचा क्लब, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय संघ. असा सन्मान जर्मनीत पूर्वी पुरुष खेळाडूंच्याच वाट्याला येत असे.

निवृत्तीनंतर तिने समालोचकाची खुर्ची किंवा जाहिरातींचे मार्ग धरले नाहीत. होफेनहाइम येथील क्लबात ती खेळाडूंची मानसोपदेशक म्हणून काम करू लागली. दुखापत झालेल्या, संघातून वगळल्या गेलेल्या, अपेक्षांनी दबलेल्या तरुण खेळाडूंशी बोलणे, त्यांचे ऐकणे, हे तिचे काम झाले. राखीव बाकावर बसलेल्या खेळाडूच्या मनात काय चालते, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

2019 साली फ्रान्समध्ये विश्वचषक झाला, तेव्हा प्रिन्त्स पुन्हा जर्मन राष्ट्रीय संघाबरोबर होती. या वेळी मानसशास्त्रज्ञ म्हणून. त्या संघाची कर्णधार होती आलेक्सांद्रा पोप, जी आठ वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये प्रिन्त्सच्या जागी मैदानात उतरली होती. पोपनेही पुढे दीर्घ कारकीर्द गाजवली आणि 2024 साली राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. तेव्हा तिच्या नावावर 145 सामने आणि 67 गोल होते.

स्वाध्याय

1. 'कॉफीच्या कपबशांचा संच' आणि '73,680 प्रेक्षक' या दोन तपशिलांमधील अंतर तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
2. 2011 च्या विश्वचषकात प्रशिक्षकांनी घेतलेला निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? पाठातील आधार देऊन दहा ओळींत लिहा.
3. 'अपेक्षांचे ओझे पायांत उतरले होते' या वाक्याचा अर्थ सांगा. अशाच प्रकारची दोन वाक्ये तयार करा.
4. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या खेळाडू स्त्रीची भेट घ्या. ती कोठे खेळली, कोणी आडकाठी केली, कोणी साथ दिली आणि खेळ थांबल्यावर तिने काय केले, हे विचारून तिच्यावर एक पानभर परिचय लिहा.